खाशाबा जाधव यांची चरित्रकथा : शब्द, संकेत आणि सत्य

१. प्रास्ताविक

क्रीडापटूंच्या चरित्रांकडे मराठी समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. संतचरित्र, वीरचरित्र, समाजसुधारकाचे चरित्र हे प्रकार अभ्यासविषय झाले. मल्लाचे चरित्र मात्र क्रमिक पुस्तकातील धडा, वर्तमानपत्रातील स्मरणलेख आणि जत्रेच्या फडावरील पुकार यांतच राहिले. तथापि ज्या प्रदेशात कुस्तीचा फड हा देवाच्या यात्रेचा अविभाज्य भाग आहे, त्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मल्लाची कथा कशी रचली जाते, कोणत्या शब्दांच्या आधाराने ती टिकते आणि त्या शब्दांमुळे तिच्यातील कोणता भाग झाकला जातो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला टाळता येण्यासारखा नाही. या दृष्टीने खाशाबा दादासाहेब जाधव यांची प्रचलित चरित्रकथा तपासण्याजोगी आहे.

कथेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी जन्म, वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल, कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिक्षण, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा क्रमांक, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक, १९५५ मध्ये पोलीस खात्यात प्रवेश आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्ती, १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती निधन, आणि इ. स. २००० चा अर्जुन पुरस्कार, तोही मरणोत्तर. या सांगाड्याविषयी वाद नाही. विचार करावयाचा आहे तो त्यावर चढविलेल्या शब्दांचा. त्यांपैकी ‘पहिला’, ‘उपान्त्य’, ‘हौशी’ आणि ‘उपेक्षित’ हे चार शब्द या कथेचे खांब होत. प्रत्येक खांब किती भार पेलतो हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. ‘पहिला’ या विशेषणाची सीमा

खाशाबांच्या नावामागे लागणारे सर्वांत रूढ विशेषण म्हणजे ‘भारताला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे’. हे विधान शब्दशः घेतल्यास चुकीचे आहे. भारतीय हॉकी संघाने १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे सुवर्णपदक मिळविले होते आणि हेलसिंकीतही हॉकीचे सुवर्ण भारताकडेच होते. ‘वैयक्तिक’ हे विशेषण जोडल्यावरही अडचण उरते. कारण कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी १९०० साली पॅरिस येथे धावण्याच्या दोन शर्यतींत मिळविलेली दोन रौप्यपदके आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारताच्या नावे धरली आहेत. म्हणून निर्दोष विधान असे होते : ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक’. ‘स्वतंत्र’ आणि ‘वैयक्तिक’ या दोन विशेषणांवाचून ‘पहिले’ हे विशेषण उभे राहू शकत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा केवळ काटेकोरपणाचा प्रश्न आहे. खाशाबांची थोरवी यामुळे उणावत नाही. थोरवी उणावत नाही हे खरे. किंबहुना ती नेमकी होते. ‘स्वतंत्र’ या शब्दाने ही घटना एका राष्ट्राच्या पहिल्या पाच वर्षांत येऊन बसते आणि ‘वैयक्तिक’ या शब्दाने ती संघाच्या आधारावाचून घडलेली ठरते. हे दोन शब्द गाळून ‘पहिला’ एवढेच उच्चारले की उरतो तो नुसता जयघोष. जयघोषाला इतिहासाची गरज नसते, चरित्राला असते.

त्या पदकाचे एकाकीपण मात्र शब्दांच्या पलीकडचे आहे. हेलसिंकीनंतरचे भारताचे पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक १९९६ साली अटलांटा येथे टेनिसमध्ये लिएंडर पेस यांनी मिळविले; कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली बीजिंग येथे सुशील कुमार यांचे; आणि महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी २०२४ सालची पॅरिस स्पर्धा व कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांची वाट पाहावी लागली. मधल्या ४४, ५६ आणि ७२ वर्षांच्या या तीन अंतरांत जे सांगितले जाते, ते ‘पहिला’ या एका शब्दात मावत नाही.

३. लाल माती आणि मॅट : दोन परिभाषा

खाशाबांच्या कारकिर्दीचे वर्णन करताना ‘मातीवरचा मल्ल मॅटवर गेला’ असे म्हटले जाते. या वाक्यात जागेचा बदल येतो, परिभाषेचा येत नाही. वस्तुतः बदलली होती ती कुस्तीची परिभाषाच.

मराठी कुस्तीची शब्दसंपत्ती पाहिली तर तीत अनेक थर आढळतात. ‘मल्ल’ आणि ‘मल्लविद्या’ हे संस्कृत शब्द. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ‘आखाडा’ हा ‘अक्षवाट’ या संस्कृत शब्दापासून घडलेला. त्यावर फारसी-अरबी थर : ‘कुस्ती’, ‘पैलवान’, ‘वस्ताद’, ‘खुराक’, ‘इनाम’ आणि मूळ अर्थ ‘शिकवण’ असलेला ‘तालीम’ हा शब्द. त्यांच्या सोबतीला ‘शड्डू’, ‘फड’, ‘जोड’, ‘निकाली’, ‘पट काढणे’, ‘आस्मान दाखविणे’ अशी बोलीतील नाणी. म्हणजे जिला आपण ‘अस्सल मातीतली’ म्हणतो ती परिभाषा स्वतःच अनेक भाषांच्या संगमातून झालेली आहे. त्यामुळे ‘मॅट’, ‘पॉइंट’, ‘राउंड’ या शब्दांच्या आगमनाने कुस्ती भ्रष्ट झाली, अशी तक्रार भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. नवा थर जुन्यांवर बसला, एवढेच.

परंतु थर बसताना अर्थाची जी घालमेल झाली ती महत्त्वाची आहे. मातीवरच्या कुस्तीची क्रियापदे पाहावीत. कुस्ती ‘मारली’ जाते, ‘लागते’, ‘सुटते’. मल्ल ‘पडतो’, त्याची ‘पाठ लागते’. पाठ मातीला लागणे हाच पराभवाचा एकमेव अर्थ. पाठ लागली नाही तर कुस्ती ‘बरोबरीत सुटली’. अशा भाषेत ‘न पडता हरणे’ ही कल्पना व्यक्त करण्यास क्रियापदच नाही. मॅटवरच्या कुस्तीत मात्र चीतपट हा विजयाचा एक प्रकार. दुसरा प्रकार गुणांचा, आणि तो पंचांच्या नोंदीवर ठरतो. मातीवर पंच कुस्ती सोडवितो. मॅटवर तो कुस्ती मोजतो.

खाशाबांच्या आयुष्यातील वादाचे प्रसंग याच सांध्यावर आलेले आहेत. हेलसिंकीच्या निवडीसंबंधी सांगितली जाणारी हकीकत अशी की, मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुणांच्या हिशेबात त्यांना डावलले गेले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि प्रत्यक्ष लढतीत निरंजन दास यांना हरवून आपला हक्क सिद्ध केला. या हकीकतीचा आशय लक्षात घेण्यासारखा आहे. गुणांनी जे नाकारले ते पाठ लावून परत मिळविले. मॅटवरच्या न्यायाविरुद्ध मातीवरच्या न्यायाकडे दाद मागितली. लोकमनाला ही हकीकत प्रिय असण्याचे कारण खाशाबांचा पराक्रम हे तर आहेच. पण त्याहून अधिक म्हणजे जुन्या क्रियापदाने नव्यावर केलेली मात हे आहे.

वजनगटांची नावे हा याच प्रकरणाचा उपविभाग होय. खाशाबा लंडनला ‘फ्लायवेट’ गटात, म्हणजे ५२ किलोंत खेळले, आणि हेलसिंकीला ‘बँटमवेट’ गटात, म्हणजे ५७ किलोंत. ही दोन्ही नावे मुष्टियुद्धाच्या क्षेत्रातून कुस्तीत आलेली आहेत. ‘फ्लाय’ म्हणजे माशी. ‘बँटम’ म्हणजे जावा बेटातील बांतेन या बंदराच्या नावाने ओळखली जाणारी ठेंगण्या कोंबड्यांची जात. मराठीने ही नावे उच्चारापुरती घेतली, त्यांतील प्रतिमा घेतल्या नाहीत. आणि ते स्वाभाविकही होते. कारण मराठी मैदानात मल्लाची प्रतिमा माशीची किंवा कोंबड्याची नसून सिंहाची आहे. ‘हिंदकेसरी’ या पदवीतील ‘केसरी’ हा त्याचा पुरावा होय.

४. पदवी नसलेला मल्ल

येथे एक वेगळा मुद्दा उपस्थित होतो. कुस्तीच्या परंपरेत पदवी नावाला चिकटते आणि पुढे नावाचा भागच होऊन जाते. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपत आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले आणि कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्री-स्टाइलमध्ये रौप्य आणि मान्यांनी फ्री-स्टाइलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळविले. असे असूनही सांगली जिल्ह्यात त्यांचा उल्लेख आशियाई विजेते म्हणून क्वचितच होतो. ‘हिंदकेसरी आंदळकर’ आणि ‘हिंदकेसरी माने’ असाच होतो. खाशाबांना अशी कोणतीही ‘केसरी’ पदवी लागत नाही. त्यांच्यासाठी मराठीला ‘ऑलिम्पिकवीर’ हा अर्धा परकी, अर्धा देशी समास घडवावा लागला.

याचे कारण केवळ कालानुक्रमात शोधून भागणार नाही. हिंदकेसरीची सुरुवात १९५८-५९ च्या सुमारास झाली व श्रीपती खंचनाळे हे १९५९ चे पहिले हिंदकेसरी ठरले, तेव्हा खाशाबांच्या स्पर्धात्मक कारकिर्दीचा भर ओसरला होता, हे खरे. परंतु मूळ कारण वजनाचे आहे. ‘केसरी’ ही संकल्पना भव्य देहाची आहे. मैदानातील प्रेक्षक जोड डोळ्यांनी पाहतो, काट्यावर नव्हे. आणि डोळ्यांत भरतो तो भारदस्त मल्ल. हलक्या वजनाच्या मल्लाचे कसब कौतुकास पात्र ठरते; पण ती ‘चिकाची’ कुस्ती असली तरी मैदानाच्या अखेरीस लागणारी ‘पहिल्या नंबराची’ कुस्ती नसते. खाशाबांच्या ठायी असलेले पायांचे चापल्य आणि त्यांच्या नावाशी जोडला गेलेला ढाक हा डाव, या दोहोंचे मोल वजनगटांच्या व्यवस्थेतच पूर्णपणे प्रकट होऊ शकले. म्हणजे ज्या परकी चौकटीने त्यांना पंचांच्या स्वाधीन केले, तिनेच त्यांना समान वजनाचा प्रतिस्पर्धी देऊन न्यायही दिला. प्रचलित चरित्रकथा यातील पहिली बाजू आवर्जून सांगते. दुसरी सांगत नाही.

५. ‘उपान्त्य’ हा शब्द कोठून आला?

हेलसिंकीतील लढतींचे वृत्तान्त वाचताना एक विसंगती वारंवार आढळते. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांच्यावर विजय, आणि जपानचा शोहाची इशिई व सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून पराभव, याविषयी सर्वांचे एकमत आहे. इशिईला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले हेही निर्विवाद आहे. पण अखेरच्या दोन लढतींची जोडणी करताना कथने एकमेकांपासून दूर जातात. काही वृत्तान्त सांगतात की, इशिईबरोबरची दीर्घ कुस्ती संपताच खाशाबांना पुरेशी विश्रांती न देता मम्मदबेयोवशी लढावयास लावले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर हवे होते, परंतु त्यांच्या वतीने हरकत घेण्यास भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी हजर नव्हता. दुसरे वृत्तान्त सांगतात की, ‘उपान्त्य फेरीत’ ते मम्मदबेयोवकडून हरले आणि नंतर ‘कांस्यपदकाची लढत’ जिंकून त्यांनी पदक मिळविले.

यांपैकी दुसरे कथन स्पर्धेच्या रचनेशीच जुळत नाही. त्या काळच्या ऑलिम्पिक कुस्तीत आजच्यासारख्या उपान्त्य व अंतिम फेऱ्या नव्हत्या आणि कांस्यपदकासाठी वेगळी लढतही नव्हती. दोषगुणांची पद्धत होती. चीतपट विजय मिळविणाऱ्यास दोषगुण नाही. गुणांवर जिंकणाऱ्यास एक. हरणाऱ्यास त्याहून अधिक. ज्याच्या खात्यावर पाच वा अधिक दोषगुण जमतील तो बाद. अशा रीतीने संख्या घटत जाई आणि अखेरीस उरलेल्यांमध्ये आपसात लढती होऊन पदके ठरत. या व्यवस्थेत मल्ल एकदा हरूनही स्पर्धेत राहू शके. उलट, गुणांवर जिंकणारा मल्लही जिंकता जिंकता बाद होण्याच्या दिशेने सरकत असे. जिंकणाऱ्यालाही दोष लागावा आणि केवळ चीतपट करणाराच निर्दोष राहावा, ही योजना मातीवरच्या निकाली कुस्तीच्या कल्पनेला किती जवळची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मग ‘उपान्त्य’ आणि ‘कांस्यपदकाची लढत’ हे शब्द आले कोठून? ते आले नंतरच्या काळातील स्पर्धांच्या परिभाषेतून. कथन करणाऱ्याने आपल्या काळाची चौकट मागच्या काळावर बसविली. या एका शब्दाचे परिणाम दूरवर जातात. ‘उपान्त्य’ म्हटले की पुढे ‘अंतिम’ यावेच लागते. ‘कांस्यपदकाची लढत’ म्हटले की ती ‘जिंकावी’च लागते. शब्द असा घटनाक्रमाची मागणी करू लागतो आणि घटना त्याला शरण जातात. त्यामुळे जे खरोखर महत्त्वाचे, म्हणजे जगातील पहिल्या तिघांत पोहोचलेला एक मल्ल अखेरच्या टप्प्यात सलग दोन कठीण कुस्त्यांना सामोरा गेला आणि त्याच्या बाजूने नियमपुस्तक उघडणारा कोणीही तेथे नव्हता, ते मागे पडते.

याला प्रतिवाद असा होऊ शकेल की, सामान्य वाचकाला दोषगुणांची पद्धत समजावून सांगणे अवघड आहे, म्हणून परिचित शब्द वापरले जातात. वाचकाविषयीची ही कल्पना सातारा-सांगलीच्या बाबतीत तरी टिकत नाही. जो शेतकरी जत्रेतील शंभर कुस्त्यांचे इनाम, जोड आणि निकाल वर्षभर तोंडपाठ ठेवतो, त्याला पाच दोषगुणांचा हिशेब कळणार नाही असे मानणे हा त्याचा अधिक्षेप होय.

६. ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’

खाशाबांच्या कारकिर्दीचे खरे मर्म आर्थिक व्यवहारात आहे. आणि तेथेही परिभाषेचाच अडसर आहे. पाश्चात्त्य मुष्टियुद्धात धंदेवाईक विजेत्याची परंपरा स्पष्ट आहे : लढतीची बिदागी ठरलेली, तिकिटांचा पैसा उघड, पदवी विकत नव्हे पण बाजारात. ऑलिम्पिकने त्याविरुद्ध ‘हौशी’ खेळाडूची संकल्पना उभी केली. मराठीने या दोन शब्दांसाठी ‘धंदेवाईक’ आणि ‘हौशी’ असे पर्याय योजिले. ‘हौस’ हा शब्द सुस्थितीचा निदर्शक आहे. हौस तोच करतो ज्याचे पोट भरलेले आहे. गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाला ‘हौशी’ म्हणणे म्हणजे भाषेचा उपहास होय.

तालमीतला पैलवान या दोन्ही शब्दांत बसत नाही. तो इनामावर लढतो, म्हणून हौशी नव्हे. पण इनाम हा करार नसून मानही असतो, म्हणून तो पाश्चात्त्य अर्थाने धंदेवाईकही नव्हे. त्याचा खुराक कधी गाव चालविते, कधी संस्थानिक. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान ही या व्यवस्थेची सर्वांत ठळक खूण. सांगली, मिरज, औंध, फलटण अशा संस्थानांनी भरलेल्या या प्रदेशात राजाश्रय हा मल्लाच्या जीवनाचा आधार होता.

खाशाबांची दोन ऑलिम्पिके या व्यवस्थेच्या अस्ताच्या अलीकडे आणि पलीकडे येतात. १९४८ साली त्यांच्या लंडनच्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य झाले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचे मार्गदर्शनही लाभले. सांगली संस्थान मार्च १९४८ मध्ये आणि कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ मध्येच जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. यातील दक्षिण सातारा म्हणजे पुढचा सांगली जिल्हा. १९५२ उजाडले तेव्हा राजा उरला नव्हता आणि नव्या राज्ययंत्रणेला क्रीडापटूचा आश्रयदाता होण्याची सवय जडली नव्हती. या मधल्या पोकळीत खाशाबांना हेलसिंकीचा खर्च उभा करावा लागला. गावोगावची वर्गणी जमली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

प्रचलित कथा येथे प्राचार्यांच्या त्यागाचे वर्णन करून थांबते. वस्तुतः कथेचा अर्थपूर्ण भाग पुढे आहे. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून मिळविलेल्या बक्षिसाच्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविण्याची व्यवस्था केली, असे सांगितले जाते. हौशी खेळाच्या सर्वोच्च व्यासपीठावरील पदकाचे ऋण इनामाच्या कुस्तीने फेडले गेले. ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ या दोन शब्दांमधील भिंत किती कृत्रिम होती, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण आहे. ज्या पैशाला ऑलिम्पिकच्या नीतिशास्त्रात कलंक मानला जाई, तोच पैसा येथे कृतज्ञतेचे साधन झाला.

७. एकशे एक्कावन्न गाड्या

पदकानंतर कराड स्थानकापासून निघालेल्या मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या आणि पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले, हा तपशील जवळजवळ प्रत्येक कथनात येतो. येथे संख्येच्या अचूकतेविषयी शंका घेण्याचे प्रयोजन नाही. तिच्या स्वरूपाविषयी बोलणे मात्र आवश्यक आहे. मराठी व्यवहारात ११, ५१, १०१, १५१ या शकुनाच्या संख्या आहेत. आहेर, देणगी, वर्गणी यांत पूर्ण आकड्यावर एक चढविण्याची रीत आहे. कारण शून्यावर संपणारी रक्कम व्यवहार संपविते, एकावर संपणारी तो पुढे चालू ठेवते. गाड्या मोजून १५१ झाल्या असोत किंवा ठरवून १५१ जुंपल्या असोत, ही संख्या स्मरणात राहिली ती तिच्या मंगलवाचकतेमुळे. पंधरा मिनिटे आणि सात तास ही जोडीही अशाच विरोधाच्या योजनेने टिकून आहे.

याचा अर्थ मिरवणूक काल्पनिक ठरते असा नव्हे. अर्थ असा की, गावाने खाशाबांना आपल्याच पद्धतीचा, आपल्याच अंकगणिताचा मान दिला. पदवी देणारे मैदान त्यांच्यासाठी नव्हते. ती उणीव गाड्यांच्या संख्येने भरून काढली. हे ध्यानात घेतल्यावर पुढचा शब्द अधिक काळजीपूर्वक वापरावा लागतो.

८. ‘उपेक्षित’

तो शब्द म्हणजे ‘उपेक्षित’. खाशाबांच्या उत्तरायुष्याविषयीच्या लेखनात तो ठरून गेलेला आहे. १९५५ मध्ये उपनिरीक्षक म्हणून पोलीस खात्यात प्रवेश, त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ नोकरी, दुखापतीमुळे पुढच्या ऑलिम्पिकला मुकणे, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतयात्रेतील सहभाग, दोन वर्षांनी अपघाती मृत्यू आणि मरणानंतर सोळा वर्षांनीचा अर्जुन पुरस्कार. या क्रमाकडे पाहता शासकीय उपेक्षा झाली, हे कोणीही नाकारणार नाही. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव मिळण्यासही २०१० साल उजाडावे लागले.

परंतु ‘उपेक्षित’ हा शब्द कर्मणी आहे. उपेक्षा कोणी केली हे तो सांगत नाही. शासनाने केली, एवढे गृहीत धरून कथनकार स्वतः मोकळा होतो. खरे पाहता उपेक्षा दुसरीही आहे, आणि ती वाङ्मयीन आहे. खाशाबा ढाक कसा लावीत, प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालून त्याला फेकताना पायांची जागा कशी बदलत, मातीत शिकलेला हा डाव मॅटच्या निसरड्या पृष्ठभागावर नेताना त्यात काय फेरफार करावा लागला, याचे वर्णन प्रचलित चरित्रकथेत आढळत नाही. तेथे आढळतात गहाण घर, वर्गणी, बैलगाड्या आणि न मिळालेले पुरस्कार. कवीच्या चरित्रात कवितेविषयी अवाक्षर नसावे, तसे हे आहे. करुण रस इतका दाटतो की मल्लविद्येला जागाच उरत नाही.

तुलनेसाठी याच प्रदेशातील दुसरे एक आयुष्य घ्यावे. वाळवा तालुक्यातील पेठ येथे १९४४ साली जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे भारतीय सेनेत मुष्टियोद्धे म्हणून पुढे आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. त्यानंतर जलतरणाकडे वळून १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्री-स्टाइल शर्यतीत त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. ऑलिम्पिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रा यांनी मिळविले ते २००८ मध्ये, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी. येथेही ‘पहिला’ या शब्दाची सीमा आखावी लागते. येथेही पद्मश्रीसाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. आणि २०२४ च्या चित्रपटाने ही कथा सर्वतोमुखी होईपर्यंत येथेही ‘उपेक्षित’ हेच विशेषण प्रमुख होते. पेटकरांच्या मुष्टियुद्धाचे तर कथेत केवळ पूर्वरंगापुरते स्थान उरले. मराठी मुलखात मुष्टियुद्धाला तालमीची परंपरा नसल्याने त्याची परिभाषाही घडली नाही. ‘पंच’ हा शब्द उच्चारला तर मराठी कानाला ठोसा ऐकू येत नाही, निवाडा करणारा माणूस दिसतो. ज्या खेळाला भाषेत शब्द नाहीत, त्यातील कर्तृत्व कथेतून गळून पडणे अटळ होते. कुस्तीची गोष्ट तशी नाही. तिला शब्दांचा तोटा नाही. म्हणूनच खाशाबांच्या कथेतून कुस्ती गळून पडावी, हे अधिक खेदजनक आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनाचा आशय थोडक्यात असा. ‘पहिला’ हे विशेषण योग्य मर्यादांसह वापरल्यास खाशाबांचे स्थान अधिक स्पष्ट होते. ‘उपान्त्य’ हा कालविपर्यास आहे आणि तो दूर केल्यावरच हेलसिंकीतील अन्यायाचे खरे स्वरूप दिसते. ‘हौशी’ हा शब्द पैलवानाच्या जीवनाला लागू पडत नाही. संस्थानी आश्रयाचा अस्त आणि शासकीय आश्रयाचा उदय यांमधील काळात ही कारकीर्द घडली, हे तिचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय. आणि ‘उपेक्षित’ हा शब्द वापरण्यापूर्वी त्याचा कर्ता कोण, हे प्रत्येक लेखकाने स्वतःला विचारले पाहिजे.

पदव्युत्तर संशोधनाच्या दृष्टीने यातून एक कार्य सुचते. कराड, वाळवा, शिराळा, मिरज या भागांतील तालमींत डावांची नावे, त्यांचे पोटभेद, वस्तादांच्या सूचनांची वाक्ये आणि फडावरील पुकाराचे सूत्र आजही बोलण्यात आहे; परंतु ज्या पिढीने वजनकाट्यावाचून जोड लावलेली पाहिली ती झपाट्याने कमी होत आहे. ही परिभाषा शास्त्रशुद्ध रीतीने नोंदविली गेली, तर खाशाबांच्या कुस्तीचे वर्णन करण्याची भाषा उपलब्ध होईल. पुरस्कार देणे हे शासनाचे काम आहे आणि ते उशिरा का होईना, काही अंशी झाले. ढाक कसा लागला हे सांगणे मात्र शासनाचे काम नव्हे. ते भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि ते अद्याप व्हावयाचे आहे.